ऐकल्याचे ऋण

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस जे शहर पसरले आहे, त्यास आजही लष्कर म्हणतात. दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास येथे स्थिरावला. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, पेठा वसल्या, देवळे झाली आणि छावणीचे नाव शहरास कायमचे चिकटले. या लष्करातील एका पेठेचे नाव खासगी बाजार. मराठी राज्यांच्या जुन्या कारभाराशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांस या नावाचा अर्थ सांगावयास नको. राज्याच्या जमाखर्चाचे दोन भाग असत. फौजफाटा, किल्ले, मुलूख आणि वसूल हा दौलतीचा भाग. राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न, दानधर्म, देवदेवता आणि घरखर्च हा खासगीचा. दौलतीचा हिशेब दरबारात वाचला जाई. खासगीचा हिशेब घरातल्या माणसांनाच ठाऊक असे.

आम्हांस असे वाटते की इतिहासाचीही अशी दोन दप्तरे असतात. लढाया, तह, गादीवर बसलेले आणि गादीवरून उतरलेले यांची नोंद दौलतीच्या दप्तरात होते, आणि शाळेतील मुलांच्या हाती तेवढेच पडते. आजोबांनी पाहिलेले, आजीने सोसलेले, लढाईवरून परतलेल्या शिपायाने ओटीवर बसून सांगितलेले, हे सारे खासगीच्या दप्तरात राहते. त्या दप्तराला ना बासन ना बांधणी. सांगणारा गेला की ते त्याच्याबरोबर जाते. हे दुसरे दप्तर ऐकल्यावाचून मुलांना कृतज्ञता शिकविता येते काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. नमस्कार, हारतुरे, आभाराचे भाषण यांपैकी काहीही या शब्दाच्या पोटात नाही. त्यात आहे ती केवळ जाण. कोणी काय केले हे ज्यास ठाऊक नाही तो कितीही नम्र असला तरी कृतज्ञ होऊ शकत नाही. आपल्या पूर्वजांनी मनुष्याच्या माथ्यावर जी तीन ऋणे सांगितली त्यांतील ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे म्हटले, याचेही मर्म हेच असावे. नवविधा भक्तीतही पहिले स्थान श्रवणाला आहे. जाण श्रवणातून येते. जाण आली की कृतज्ञता शिकवावी लागत नाही.

आमच्या वाचकांपैकी कोणी विचारील की मंगेशी-कवळ्याच्या देवांना नारळ ठेवणाऱ्यांचा ग्वाल्हेरच्या पेठेशी संबंध कोणता? संबंध आहे, आणि तो जुना आहे. श्रीमंगेशाच्या संस्थानास मंगेशी गाव १७३९ मध्ये पेशव्यांकडून इनाम मिळाला तो रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सांगण्यावरून. हेच रामचंद्रबाबा पुढे राणोजी शिंदे यांचे दिवाण म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांच्या मागून जिवबादादा केरकर, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस असे कित्येक सारस्वत शिंद्यांच्या सेवेत चढले. गोव्याच्या पेडणे महालातील केरीहून निघालेले जिवबादादा शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झाले आणि १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत महादजींच्या माघारी त्यांनीच शिंद्यांच्या सेनेचे नेतृत्व केले. उत्सवाच्या दिवशी मंगेशीच्या देवळात दर्शनास जाणारा मुलगा ज्या भूमीवर पाय ठेवतो, तिच्या इनामामागे उत्तरेत घोडदौड करणाऱ्या एका मुत्सद्द्याचा शब्द होता, हे त्यास कोणी सांगितले तर त्याच्या नमस्कारात फरक पडल्यावाचून राहणार नाही.

या मंडळींना दौलतीकडून मिळालेले फळ मात्र गोड नव्हते. १७९४ मध्ये महादजी निवर्तले, १७९६ मध्ये जिवबादादा गेले, आणि तरुण दौलतरावांच्या दरबारात सर्जेराव घाटग्यांचा अंमल सुरू झाला. महादजींच्या विधवा स्त्रियांचा पक्ष घेऊन शेणवी सरदार उभे राहिले. त्या बंडाळीत बाळोबातात्या १८०० मध्ये अहमदनगरच्या कैदेत मरण पावले, जिवबादादांच्या मुलाचा क्रूरपणे वध झाला आणि लखबादादांना अखेरपर्यंत रानोमाळ फिरावे लागले. ज्यांनी राज्य वाढविले त्यांच्या घरावर राज्यानेच नांगर फिरविला. दौलतीच्या बखरीत या गोष्टीला फार तर चार ओळी मिळतात. पराभूतांच्या सेवेचे स्मरण ठेवण्याचे काम अशा वेळी कुळांवर, कुळदेवतांच्या देवळांवर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडावर येऊन पडते.

इतिहासाची गंमत अशी की ज्या सर्जेरावांमुळे हा अनर्थ घडला त्यांचीच कन्या बायजाबाई. १७९८ मध्ये ती दौलतरावांची राणी झाली, १८२७ ते १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, आणि दानधर्मामुळे तिचे नाव काशीपर्यंत गाजले. या बाईंच्या एका धर्मकृत्याच्या वार्तेमुळे मराठी भाषेला एक असे पुस्तक मिळाले की खासगीच्या दप्तराचे मोल ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने ते पुन्हा पुन्हा वाचावे.

बायजाबाई मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यात लाखो रुपये खर्च होणार, ही बातमी १८५७ च्या आरंभी कोकणात पोचली. पेणजवळच्या वरसई गावी विष्णुभट गोडसे नावाचे सुमारे तीस वर्षांचे वैदिक राहत होते. घर गरीब आणि कर्जात बुडालेले. दक्षिणा मिळाली तर घराचे ऋण फिटेल या आशेने ते आपले चुलते रामभट यांजबरोबर उत्तरेच्या वाटेस लागले. महूच्या छावणीजवळ त्यांना शिपायांकडून पुढे येणाऱ्या वावटळीची कुणकुण लागली, तरी ते मागे फिरले नाहीत. ते ग्वाल्हेरपर्यंत आले. पण वावटळीत यज्ञ राहिला तो राहिलाच. भटजी पुढे झाशीस गेले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलात इंग्रजी फौजेने झाशीला घातलेला वेढा, शहराचा पाडाव आणि त्यानंतरची कत्तल त्यांनी आतून पाहिली. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई भेटली. भटजी तिच्यासाठी पाणी शेंदावयास सरसावले. पण विद्वान ब्राह्मणास आपल्याकरिता कष्ट पडू नयेत म्हणून तिने त्यांना थांबविले आणि स्वतःच्या हाताने पाणी काढले. राज्य गेलेली, अंगावर वाटेची धूळ बसलेली, पुढे मरणाखेरीज काही न दिसणारी ती स्त्री त्या क्षणीही दुसऱ्याचा मान विसरली नाही. हा प्रसंग कोणत्याही सरकारी खलित्यात सापडणार नाही. एका भिक्षुकाच्या डोळ्यांनी तो टिपला म्हणून आपल्यापर्यंत आला.

भटजी पुढे वाटमाऱ्यांकडून नागवले गेले. जे मिळाले होते ते हरवले. मात्र आईबापांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईस परतले. द्रव्य मिळवावयास गेलेला माणूस आठवणींचे गाठोडे घेऊन आला, आणि पुढे पंचवीस वर्षे ते गाठोडे घरच्या ओटीपलीकडे उलगडले गेले नाही.

ते उलगडले एका तरुणामुळे. कल्याणचे वैद्य घराणे हे गोडसे भटजींचे यजमान. त्या घरातील चिंतामण विनायक वैद्य यांचा जन्म १८६१ चा. विद्यार्थिदशेतून नुकत्याच बाहेर पडत असलेल्या या तरुणाने भटजींच्या गोष्टी ऐकल्या आणि त्या लिहून काढण्याची त्यांना विनंती केली. हा काळ १८८३ च्या सुमाराचा. वासुदेव बळवंत फडके यांचे एडनच्या तुरुंगात त्याच वर्षी निधन झाले होते, आणि फडक्यांचे शिरढोण वरसईपासून फार दूर नव्हे. अशा दिवसांत सत्तावनच्या बंडाची डोळ्यांदेखतची हकीकत कागदावर उतरवणे हे प्रपंची माणसाला सोपे नव्हते. भटजींनी हकीकत लिहून दिली. परंतु ती आपल्या हयातीत छापली जाऊ नये अशी अट घातली. वैद्यांनी ती पाळली. "माझा प्रवास" हे पुस्तक प्रसिद्ध झाले १९०७ मध्ये, तेव्हा भटजी हयात नव्हते आणि बंडाला पन्नास वर्षे होत होती. याच वैद्यांनी मधल्या काळात काही वर्षे ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीशाचे काम केले. ज्या शहराच्या आशेने भटजी घराबाहेर पडले, त्याच शहरात त्यांची हकीकत ऐकणारा न्यायासनावर बसावा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या कथेतून मुलांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की वैद्यांनी विचारले. वैद्यांकडे पदव्या होत्या, पुढे ते मोठे इतिहासकार झाले. भटजींकडे पोथ्या आणि दारिद्र्य होते. तरीही सुशिक्षित तरुणास असे वाटले की आपल्या घरी पूजा सांगावयास येणाऱ्या या वृद्धाजवळ जे आहे ते आपल्या ग्रंथांत नाही. कृतज्ञतेचा आरंभ या नम्रतेतून होतो. दुसरी गोष्ट, वैद्यांनी वाट पाहिली. वृद्धाची भीती त्यांना कदाचित जास्तीची वाटली असेल; पण शब्द दिला तो पाळला. वीस वर्षांहून अधिक काळ हातचे लिखाण छापण्याचा मोह आवरणे हे सोपे नाही.

तिसरी गोष्ट थोडी कटू आहे, पण ती सांगावयास हवी. पुस्तक छापताना वैद्यांनी भटजींच्या भाषेवरून हात फिरविला, काही मजकूर गाळला, काही बदलला. हेतू चांगलाच होता; पन्नास वर्षांनंतरही इंग्रज सरकार होतेच आणि सभ्य वाचकांची भीडही होती. तथापि भटजींचा स्वतःचा आवाज त्यात दबला गेला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले, आणि दत्तो वामन पोतदार यांनी ते १९६६ मध्ये जसेच्या तसे प्रसिद्ध केले. तेव्हा कुठे वरसईचे भटजी आपल्या शब्दांत बोलू लागले. त्यांचा भाबडेपणा, त्यांचा दक्षिणेचा हिशेब, त्यांची भीती, सारे काही त्यात आहे. वडीलधाऱ्यांची गोष्ट सुधारून सांगण्याचा मोह आपणां सर्वांनाच होतो. आजोबा आपल्याला हवे तसे वीर हवे असतात. घाबरलेला मनुष्य घाबरूनही जे निभावून नेतो त्याचे मोल शूराच्या पराक्रमापेक्षा कमी नसते, आणि ते जाणावयाचे तर त्याची भीतीही जशीच्या तशी ऐकून घ्यावी लागते.

लष्करातील मराठी घरांना या खरेपणाची गरज इतरांहून अधिक आहे. १८५८ च्या जूनमध्ये राणी, रावसाहेब आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव शिंदे आग्र्यास निघून गेले, त्यांच्या फौजेतील बहुतेक शिपाई बंडवाल्यांना मिळाले, आणि थोड्याच दिवसांत शहराच्या वेशीवर लढताना राणीला वीरमरण आले. फुलबागेजवळ तिची समाधी आहे. तेथील गंगादासांच्या शाळेतील साधूंनीही त्या दिवशी प्राण वेचले असे ग्वाल्हेरात परंपरेने सांगतात. म्हणजे एकाच शहरात, कदाचित एकाच वाड्यात, धन्याशी इमान राखणाऱ्याची आणि राणीच्या बाजूने तलवार उपसणाऱ्याची अशा दोन्ही आठवणी नांदल्या. यांपैकी एकच आठवण मुलांना सांगणे सोपे आहे. पण ज्या मुलाने दोन्ही ऐकल्या त्यास कळते की त्या संकटात प्रत्येकाने काही ना काही गमावले. कृतज्ञता ही जिंकणाऱ्यांपुरती राहिली तर तिला खुशामत म्हणावे लागेल. पुढे १९१४ च्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानचे पायदळ पूर्व आफ्रिकेत उतरले. परक्या राज्यासाठी, परक्या भूमीवर लढलेल्या त्या शिपायांची गोष्ट आपल्या स्वातंत्र्याच्या कथेत सहज बसत नाही, म्हणून ती ऐकूच नये काय? त्यांनीही पोटासाठी आणि इमानासाठी देह झिजविला.

ऐकून शिकण्याची दुसरी थोर परंपरा या शहरात आहे ती गाण्याची. ख्यालगायकीचे ग्वाल्हेर घराणे ज्या हद्दूखाँ-हस्सूखाँ बंधूंच्या नावाने ओळखतात, त्यांच्याविषयी परंपरा असे सांगते की बडे महंमदखाँ यांचे गाणे त्यांनी आडोशाला बसून चोरून ऐकले आणि आत्मसात केले. ते कळल्यावर खाँसाहेबांचे मन दुखावले. कथा खरी असो वा रचलेली, घराण्यांनी ती जपून ठेवली आहे. विद्या चोरून मिळाली तरी ज्याच्यापासून ती मिळाली त्याच्या दुःखाची नोंद शिष्यांनीच करून ठेवावी, यात एक प्रकारची प्रामाणिक कबुली आहे.

याच्या उलट उदाहरण शंकरराव पंडितांचे. त्यांचे गुरू निसार हुसेनखाँ हे त्यांच्याच घरी राहिले. ब्राह्मणाच्या घरात मुसलमान गुरू घरच्या वडिलाप्रमाणे राहावा आणि मुलांनी त्याच्याकडून गाणे व जुन्या गायकांच्या गोष्टी एकाच बैठकीत ऐकाव्यात, हे त्या काळी सामान्य नव्हते. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित यांनी १९१४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लष्करात संगीताची शाळा काढली तेव्हा तिला वडिलांचेच नाव दिले: शंकर गांधर्व महाविद्यालय. १९८९ मध्ये देह ठेवीपर्यंत ते घराण्याची गायकी शिकवीत राहिले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर दक्षिणेतून याच शहरी आले, वासुदेवबुवा जोशी यांची सेवा करून ख्याल शिकले आणि तो महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांच्या शिष्याने, विष्णु दिगंबर पलुस्करांनी, १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एका शहरात ऐकलेले असे देशभर ऐकू गेले. भातखंडे यांनीही वृद्ध गायकांच्या पायांशी बसून त्यांच्या चिजा लिहून घेतल्या, आणि १९१८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. तानसेनाच्या समाधीपाशी दरवर्षी भरणाऱ्या समारोहाचा आरंभ आजही ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथेने आणि मीलादाने होतो. गाणे सुरू होण्यापूर्वी श्रोत्यांनी आधी कथा ऐकावी असा तेथला शिरस्ता आहे.

गवय्यांची एक रीत आमच्या वाचकांनी पाहिली असेल. गुरूचे नाव उच्चारताना ते हाताने आपल्या कानाच्या पाळीस स्पर्श करतात. हात जोडून भागले असते. पण त्यांनी कान निवडला. जे मिळाले ते येथून मिळाले, हे त्या एका स्पर्शात सांगितले जाते.

आता शाळांविषयी. अलीकडे वृद्धांचा किंवा माजी सैनिकांचा सत्कार करण्याचा कार्यक्रम पुष्कळ शाळांतून होतो. शाल येते, श्रीफळ येते, मुख्य पाहुण्यांचे भाषण होते, आणि ज्याचा सत्कार व्हावयाचा तो वृद्ध खुर्चीत मुकाट्याने बसून राहतो. मुले टाळ्या वाजवून घरी जातात. त्यांना त्या माणसाने काय केले हे कळलेले नसते. म्हणजे शब्दाच्या खऱ्या अर्थी ती कृतज्ञ झालेली नसतात. आमची सूचना साधी आहे. भाषणे कमी करावीत आणि त्या वृद्धास बोलू द्यावे. चार-पाच मुलांनी त्याच्या घरी जावे, ओटीवर बसावे, विचारावे आणि गप्प राहावे. सैनिकास किती शत्रू मारले हे विचारू नये. त्या रात्री थंडी किती होती, जेवावयास काय मिळाले, घरी पत्र कोणी लिहून दिले, परत न आलेला सोबती कसा होता, हे विचारावे. आजीला फाळणीच्या किंवा दुष्काळाच्या वर्षी चूल कशी पेटत होती ते विचारावे. तो थांबला तर त्यास थांबू द्यावे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि आवाज साठविणे सोपे झाले आहे. तरी ऐकलेले स्वतःच्या हाताने लिहावे, कारण लिहिताना मन पुन्हा ऐकते. लिहून झाले की ते त्या वृद्धासच वाचून दाखवावे आणि त्याने नको म्हटलेले गाळावे, पण आपल्या मनाचे त्यात काही घालू नये. गोडसे भटजी, वैद्य आणि पोतदार या तिघांच्या कथेचे सार इतकेच आहे.

लष्करातील मराठी घरात वाढणाऱ्या मुलाची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत असते; मराठी उरते ती आजीच्या तोंडी. आपण येथे कसे आलो, हा प्रश्न त्याच्या मनात एकदा तरी येतोच. या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पाठ्यपुस्तकात नाही. ते त्याच्या घरात, माळ्यावरच्या पितळी डब्यात, देवघरातल्या टाकांत आणि दुपारी डुलकी घेणाऱ्या एखाद्या वृद्धाच्या मनात आहे. गोव्याहून, कोकणातून वा देशावरून बाहेर पडलेल्या प्रत्येक कुटुंबाची अवस्था थोड्याफार फरकाने अशीच आहे. उत्तर देणारा आहे तोवर विचारावे. नंतर विचारून उपयोग नाही.

कोकणी बोलणाऱ्या आमच्या बांधवांची एक जुनी रीत या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते. कोणी उपकार केला की ते "देव बरें करूं" असे म्हणतात. मी तुझे ऋण फेडले असे त्यात नाही. ते माझ्याने फिटणारे नाही, देवच तुझे भले करो, अशी ती कबुली आहे. वडीलधाऱ्यांचे ऋण असेच न फिटणारे असते. आपल्या हाती एवढेच आहे की ते ऐकावे, जाणावे, आणि जसे ऐकले तसे पुढच्यास सांगावे. खासगीच्या दप्तरातील एक पान आपल्या पिढीत कोरे राहू नये, यासाठी येत्या सुटीत आपल्या घरातल्या मुलांना वृद्धांजवळ बसवावे, एवढी आमची वाचकांस विनंती आहे. ज्यांनी हे पूर्वीच केले असेल, त्यांचे देव बरें करूं.